उबदार प्रदेशातून कडाक्याच्या थंडीत शिकायला जाताना: हिवाळी कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभर पंख्याखाली राहिलेले आणि आता पहिल्यांदाच खऱ्या हिवाळ्याला सामोरे जाणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी तापमानं सेल्सियसमध्ये आहेत. एखादी गोष्ट एका उत्तरात येऊन गेली असेल, तर दुसऱ्या ठिकाणी फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जाड कपडा म्हणजे उबदार कपडा, इतकं सोपं आहे ना?

नाही. कपडा स्वतः उष्णता तयार करत नाही. शरीराची उष्णता तो धरून ठेवतो, आणि तेही खरं तर त्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. म्हणून हलकं, फुगीर जॅकेट हे जड, घट्ट विणीच्या कोटापेक्षा जास्त उबदार असू शकतं. या हवेचे तीन वैरी आहेत. वारा तिला उडवून नेतो, दाब तिला पिळून काढतो आणि पाणी तिची जागा बळकावतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला कपडा अंगावर असणं कधीकधी कपडा नसण्यापेक्षाही वाईट. ते पाणी पावसाचं आहे की तुमच्याच घामाचं, याने काही फरक पडत नाही.

२. मी जाणार आहे तिथे नेमकी किती थंडी असेल, हे कसं समजायचं?

‘तिथे खूप थंडी असते’ या ऐकीव माहितीवर खरेदी करू नका. त्या गावाची ३० वर्षांची हवामान सरासरी पाहा (सध्या १९९१ ते २०२० या काळाची वापरतात). उत्तर गोलार्धात जानेवारीचं आणि दक्षिण गोलार्धात जुलैचं सरासरी किमान तापमान लिहून घ्या. त्याच्या शेजारी महिन्यात पाऊस किंवा बर्फ पडणारे दिवस किती आणि वारा किती, हे लिहा.

ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. शून्य ते १० अंश आणि पाऊस, ही ओली थंडी. शून्य ते उणे १५, हा नेहमीचा बर्फाळ हिवाळा. उणे १५ च्या खाली कोरडी, कडक थंडी. तिन्हींसाठी खरेदी वेगवेगळी होते. ओल्या थंडीला लोक हमखास कमी लेखतात. उणे १० मध्ये बर्फ अंगावरून झटकता येतो, तर ३ अंशांतला पाऊस आत मुरतो.

वारा हिशेबात धरायलाच हवा. तापमान उणे १० असताना ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं जाणवतं. हे जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं, तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दोन आकडे दिसतात. सकाळी कपडे ठरवताना त्यांतला ‘जाणवणारं तापमान’ हा पाहायचा.

३. थर घाला, थर घाला असं सगळे सांगतात. म्हणजे नक्की कोणते आणि किती?

तीन. अंगालगतचा थर म्हणजे थर्मल. त्याचं काम घाम त्वचेपासून दूर नेणं, त्यामुळे तो अंगाला चिकटून बसला पाहिजे. मधला थर उबेसाठी: फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापड), लोकरीचा स्वेटर किंवा पातळ पफर (कप्पे शिवलेलं, भरण घातलेलं फुगीर जॅकेट). बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवतो. कडक थंडीत या बाहेरच्या थरातच भरपूर भरण असतं.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. थरांचे बहुतेक सल्ले दिवसभर डोंगरावर फिरणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. विद्यार्थ्याचा दिवस तसा नसतो. १० मिनिटं बाहेर, मग दोन तास २० ते २२ अंशांना तापवलेल्या वर्गात, मग परत बाहेर. म्हणून तुमची ऊब सर्वांत बाहेर असू द्या, म्हणजे खुंटीला टांगता येईल. सर्वांत जाड थर्मल घेऊन वर पातळ कोट घातला, तर भर वर्गात थर्मल काढता येत नाही आणि घामाने जीव नकोसा होतो.

४. थर्मल कोणतं घ्यावं? सुती बनियन चालणार नाही का?

शून्याच्या वर, कोरड्या दिवशी, थोडं चालायचं असेल तर चालेल. एरवी नको. सूत घाम पितं आणि धरून बसतं. चालून झाल्यावर बसथांब्यावर उभं राहिलात की पाठीला गारठा लागतो, तो यामुळेच.

पर्याय दोन आहेत. मेरिनो लोकर ओली असतानाही बऱ्यापैकी ऊब देते, आणि तिला घामाचा वास लवकर लागत नाही, त्यामुळे एक थर्मल तीन-चार दिवस वापरता येतं. पण ती महाग असते आणि बॅगेच्या पट्ट्याखाली लवकर झिजते. पॉलिस्टर स्वस्त आहे, टिकाऊ आहे, पटकन वाळतं, मात्र एका दिवसात वास मारायला लागतं. वसतिगृहात कपडे धुण्याची पाळी आठवड्यातून एकदाच येते, हे लक्षात घेतलं तर दोन मेरिनो आणि दोन पॉलिस्टरचे जोड हा हिशेब बरा जमतो.

लेबलवर दर चौरस मीटर वजन दिलेलं असतं. वर्गात बसायचं असेल तर १५० ते २०० ग्रॅम पुरेत. २५० ग्रॅमचं थर्मल उणे २० ला बाहेर जास्त वेळ काढणाऱ्यांनीच घ्यावं.

५. मुख्य जॅकेट घेताना दुकानात नेमकं काय पाहायचं?

रंग आणि कंपनी सोडून बाकी सगळं. घरून मधला थर घालून जा, किंवा दुकानातला फ्लीस आत घालून मगच जॅकेट चढवा. चेन हनुवटीपर्यंत लावा. दोन्ही हात डोक्यावर न्या: कड कमरेच्या वर सरकता कामा नये आणि बाही मनगट सोडून वर जाता कामा नये. हात छातीवर घडी घालून पाहा. पाठीत ताण आला तर जॅकेट लहान आहे, आणि ताणलेल्या ठिकाणी भरण दबून तिथूनच थंडी शिरणार. हूड चढवून मान डावीकडे वळवा. हूड डोक्याबरोबर वळलं पाहिजे. डोकं वळलं आणि हूड तिथेच राहिलं, तर रस्ता ओलांडताना तुम्हाला गाडीऐवजी अस्तर दिसेल. शेवटी हातमोजे घालून चेन उघडून-लावून पाहा.

मग बारकावे. चेनच्या मागे किंवा पुढे कापडी पट्टी हवी, नाहीतर चेनच्या दातांमधून वारा शिरतो. बाहीच्या आत विणलेला मनगटपट्टा असला तर उत्तम. चेन खालूनही उघडणारी असेल, तर बसताना आणि जिने चढताना लांब कोट अडत नाही. लांबी किमान नितंब झाकेल इतकी. उणे १५ च्या खाली मांडीच्या मध्यापर्यंत. आतल्या बाजूला एक खिसा हवाच, कारण थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते आणि फोन शरीरालगत ठेवावा लागतो.

पुस्तकांनी भरलेली सॅक रोज पाठीवर असणार आहे. पट्ट्याखाली भरण दबतं आणि काही महिन्यांत खांद्यावरचं कापडही घासतं. त्यामुळे खांद्यांवर जाड, घट्ट विणीचं कापड असलेलं जॅकेट निवडा. फार तलम, चमकदार कापडाची पफर जॅकेटं मधला थर म्हणून छान, पण रोजच्या सॅकखाली ती एका हिवाळ्यात विरतात.

६. डाउन घ्यावं की सिंथेटिक? आणि ६५०, ८००, ८०/२० हे आकडे कसले?

डाउन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. वजनाच्या मानाने एवढी ऊब दुसरं कुठलंही भरण देत नाही. पण ते भिजलं की गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. सिंथेटिक भरण थोडं जड असतं, दोन-तीन वर्षांत चपटं होत जातं, मात्र ओलं झालं तरी काम करतं आणि सहज धुता येतं. म्हणून कोरड्या, कडक थंडीला डाउन आणि ओल्या थंडीला सिंथेटिक. दोन्हींच्या मधल्या गावात असाल, तर पाणी अडवणाऱ्या बाह्य कापडाचं डाउन घ्या.

६५० किंवा ८०० हा फिल पॉवर. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाउन किती घनइंच जागा व्यापतं, ते हा आकडा सांगतो. तो फुगीरपणाचा दर्जा आहे, उबेचं माप नव्हे. ऊब ठरते ती दर्जा आणि वजन दोन्ही मिळून. ६५० चं २५० ग्रॅम डाउन असलेलं जॅकेट ८०० चं १०० ग्रॅम असलेल्या जॅकेटपेक्षा बरंच उबदार असतं. भरणाचं वजन लेबलवर नसेल तर विक्रेत्याला विचारा.

८०/२० म्हणजे ८० टक्के डाउन आणि २० टक्के बारीक पिसं. नुसतं ‘फेदर’ लिहिलं असेल तर ते डाउन नव्हे. पिसांच्या काड्या टोचतात आणि ऊबही कमी मिळते.

७. ‘उणे ३० पर्यंत उबदार’ असं जॅकेटवर लिहिलंय. विश्वास ठेवू का?

थोडासा. स्लीपिंग बॅगसाठी तापमान मोजायची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, पण रोजच्या वापराच्या जॅकेटांवर छापलेला आकडा बहुधा कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो. त्यात ‘चालत असताना’ हे गृहीत धरलेलं असतं. नुसतं उभं राहिलात तर तेच जॅकेट जेमतेम उणे २० पर्यंत पुरतं. एकाच कंपनीची दोन जॅकेटं ताडून पाहायला हे आकडे ठीक. वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना त्यांवरून होत नाही. बुटांवरच्या तापमानाचंही तेच.

८. वॉटरप्रूफ आणि वॉटर रेझिस्टंट यांत फरक काय?

वॉटर रेझिस्टंट कापड भुरभुर आणि कोरडा बर्फ झटकतं, सततचा पाऊस नाही. वॉटरप्रूफ कापडात आतून पातळ पडदा किंवा लेप असतो. त्यावर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, म्हणजे कापड गळायच्या आधी त्यावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहतो. साधारण ५,००० हलक्या पावसाला, १०,००० रोजच्या वापराला, २०,००० मुसळधारेला. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे शिवणींवर आतून टेप आहे का, ते उलटून पाहणं. टेप नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येतं.

पाण्याचे थेंब कापडावरून घरंगळणं बंद झालं, म्हणजे जॅकेट ‘बाद’ झालं असं नव्हे. वरचा जलरोधी थर मळला किंवा झिजला आहे. उपाय प्रश्न १९ मध्ये.

९. बुटांचं काय? माझे जाड सोलचे स्पोर्ट्स शूज पुरणार नाहीत का?

बर्फ पडतो तिथे नाही. एकाच वस्तूवर मोकळ्या हाताने खर्च करायचा असेल, तर तो बुटांवर करा. महागडा कोट घालून भिजलेल्या पायांनी वर्गात बसलेले विद्यार्थी दर हिवाळ्यात दिसतात. स्पोर्ट्स शूजची वरची जाळी पाणी आत घेते, आणि त्यांचं रबर थंडीत कडक होऊन घसरतं.

बूट घोट्याच्या वर जाणारे हवेत. गुडघाभर बर्फ साचत असेल तर पोटरीच्या मध्यापर्यंत. खालचा भाग रबराचा किंवा वॉटरप्रूफ, जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली, म्हणजे लेसच्या फटीतून पाणी शिरत नाही. आतलं भरण ग्रॅममध्ये लिहितात: २०० हे शून्याच्या आसपास, ४०० हे उणे १५ पर्यंत चालणाऱ्याला, ८०० त्याहून कडक थंडीला किंवा बराच वेळ उभं राहणाऱ्याला. हे अंदाज आहेत. आतलं फेल्टचं अस्तर निघणारं असेल तर फार सोय होते, कारण ते रात्री काढून वाळवता येतं. पायाला दिवसभर घाम येतो आणि तो वाळला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बूट आतूनच गार असतात.

माप घ्यायला संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. हिवाळ्यात घालणार ते जाड मोजेच घालून जा. बोटं आत हलली पाहिजेत आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. घट्ट बूट हे पाय गारठण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

घसरण्याबद्दल: शून्याच्या आसपासचा, वरून पाणी सुटलेला बर्फ सर्वांत निसरडा. त्यावर कुठलाही सोल पूर्ण पकड देत नाही. रबरी पट्ट्यांनी बुटावर चढवायचे खिळे मिळतात, ते सॅकमध्ये ठेवा. इमारतीत शिरण्याआधी मात्र ते काढायचे. गुळगुळीत फरशीवर ते बर्फापेक्षा जास्त घसरतात.

रस्त्यावर टाकलेलं मीठ चामड्यावर पांढरे डाग पाडतं आणि चामडं फाटवतं. पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन फडक्याने त्याच दिवशी पुसा. बूट हीटरवर ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खोलीतच वाळू द्या.

१०. दोन मोजे एकावर एक घातले तर?

बुटात जागा असेल तरच: आत पातळ, बाहेर लोकरीचा. जागा नसेल तर दुसरा मोजा पाय आवळतो, रक्त कमी पोचतं आणि पाय आणखी गार पडतात. एकच मध्यम जाडीचा लोकरमिश्रित मोजा बहुतेकांना पुरतो. सॅकमध्ये एक कोरडा जोड कायम ठेवा.

११. हातमोजे बोटांचे घ्यावे की मिटन?

मिटनमध्ये अंगठा वेगळा आणि चार बोटं एकाच कप्प्यात असतात, ती एकमेकांना ऊब देतात, म्हणून ती नेहमीच जास्त उबदार. पण किल्ली, कार्ड, फोन यांपैकी काही हाताळायचं झालं की ती काढावी लागतात. उणे १० पर्यंत वारा अडवणारे बोटांचे मोजे चालतात. त्याखाली पातळ, टचस्क्रीनवर चालणारे मोजे आणि त्यांवर सैल मिटन घाला. मिटन काढली तरी हात उघडा पडत नाही.

विणलेल्या लोकरी मोज्यांतून वारा आरपार जातो. ते सुंदर दिसतात, बाकी काही नाही. आणि हातमोजे हरवतातच. दोन एकसारखे स्वस्त जोड घेतले तर एक हात हरवल्यावर दुसरा कामी येतो.

१२. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, खरं का?

नाही. डोक्यातून जाणारी उष्णता साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणात, १० टक्क्यांच्या आसपास असते. तरी टोपी हवीच, कारण कान सर्वांत आधी गोठतात. कानाच्या पाळ्या पूर्ण झाकणारी, आतून फ्लीसचं अस्तर असलेली कानटोपी घ्या. धातूच्या बाळ्या कडक थंडीत काढून ठेवलेल्या बऱ्या. गळ्याला लांब मफलरपेक्षा नळीसारखा गळपट्टा सोयीचा. तो सुटत नाही आणि वारा आला की नाकापर्यंत ओढता येतो.

१३. खाली जीन्स चालेल?

शून्यापर्यंत चालेल. त्याखाली आत थर्मल घाला, पण त्यासाठी जीन्स एक माप सैल हवी. आवळली तर मधली हवाच उरत नाही. बर्फात चालताना जीन्सच्या कडा भिजतात आणि बाहेर गोठून कडक होतात. आतून फ्लीस लावलेली, वारा अडवणारी एक पँट घेतली तर सर्वांत वाईट दिवस निभावतात. बर्फात खेळायची भरणाची पँट वर्गासाठी लागत नाही.

१४. सगळं मिळून किती नग लागतात?

शून्य ते उणे १५ च्या गावासाठी, आठवड्यातून एकदा धुणं धरून:

- थर्मल: वरचे ४, खालचे ३
- फ्लीस किंवा स्वेटर: ३
- मुख्य जॅकेट: १
- पावसाचं पातळ, वॉटरप्रूफ जॅकेट: १ (शरद आणि वसंतात रोज लागेल)
- पँट: ३, त्यांतली १ फ्लीस अस्तराची
- लोकरी मोजे: ६ जोड
- हिवाळी बूट: १, आत घालायचे साधे बूट: १
- हातमोजे: २ जोड, कानटोपी: २, गळपट्टा: १

ओल्या थंडीत मुख्य जॅकेट हलकं घ्या, पण पावसाचं जॅकेट चांगलं घ्या. उणे १५ च्या खाली मिटन आणि जाड थर्मलचा एक जोड वाढवा.

१५. हे सगळं घरून घेऊन जाऊ की तिथे जाऊन घेऊ?

थर्मल, मोजे, फ्लीस आणि पावसाचं जॅकेट आधी घ्या. ते कुठेही सारखंच मिळतं. बूट आणि मुख्य जॅकेट शक्यतो तिथे जाऊन. उबदार प्रदेशातली दुकानं ‘हिवाळी’ म्हणून जे विकतात, ते बऱ्याचदा सहलीपुरतं असतं. थंड गावातली दुकानं तिथल्या रस्त्यांना आणि वाऱ्याला साजेसा माल ठेवतात.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. प्रवेश भर हिवाळ्यात असेल तर विमानतळापासून वसतिगृहापर्यंत पोचायला पुरेसं जॅकेट, टोपी, मोजे आणि बंद बूट अंगावरच हवेत, सामानात नव्हे. सामान एखाद दिवस उशिरा येऊ शकतं.

१६. पैसे मोजके आहेत. कुठे खर्च करू, कुठे वाचवू?

क्रम असा: बूट, मग जॅकेट, मग हातमोजे, मग थर्मल. फ्लीस, टोपी, गळपट्टा यांत स्वस्तातलं बिनधास्त घ्या. हिवाळा संपता संपता दुकानं सवलतीत माल काढतात, पण पहिल्या वर्षी तोवर थांबता येत नाही. त्यामुळे पहिलं जॅकेट वापरलेलं घेणं शहाणपणाचं.

वापरलेलं जॅकेट घेताना चेन पाच वेळा वर-खाली करा. भरण चिमटीत धरून पाहा: गोळे लागले किंवा काही कप्पे रिकामे लागले तर सोडा. वॉटरप्रूफ जॅकेट उलटं करून आतल्या लेपाचे पापुद्रे निघतात का, पाहा. तसं असेल तर ते दुरुस्त होत नाही. कुबट वास असेल तर बुरशी समजा. खोलीत आणण्याआधी धुऊन ड्रायरमध्ये वाळवा, म्हणजे कपड्यांतून आलेले ढेकूण वसतिगृहात पसरत नाहीत. वापरलेले बूट टाळा. सोल कडक झालेला असतो आणि आतला साचा दुसऱ्याच्या पावलाचा.

१७. २३ किलोच्या बॅगेत हे बसवायचं कसं?

सर्वांत जड वस्तू अंगावर: बूट, जॅकेट, फ्लीस. जॅकेटच्या खिशांतही बरंच मावतं. डाउन हवा काढायच्या पिशवीत दाबता येतं, पण प्रवासापुरतंच. पोचल्यावर लगेच काढून झटका आणि टांगून ठेवा. महिनोन्महिने दाबून ठेवलं तर ते पुन्हा पूर्ण फुगत नाही. मोजे बुटांत भरा.

१८. बाहेर हुडहुडी भरते आणि वर्गात घामाघूम होतो. काय चुकतंय?

बहुधा ऊब चुकीच्या थरात आहे (प्रश्न ३). दुसरं कारण सवयीचं. खोलीतून निघतानाच पूर्ण उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झाले आहेत. पहिली पाच मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. चालल्यावर अंग तापतं. घाम यायच्या आधी चेन उघडा, आल्यावर नव्हे. इमारतीत शिरताच जॅकेट, टोपी, गळपट्टा काढा. ‘दोनच मिनिटं थांबायचंय’ म्हणून अंगावर ठेवलेलं जॅकेटच पुढच्या थंडीचं कारण होतं.

१९. डाउन आणि वॉटरप्रूफ जॅकेट मशीनमध्ये धुता येतं का?

येतं, आणि अधूनमधून धुवावंही. आधी लेबल वाचा. डाउनसाठी पुढून उघडणारं मशीन वापरा. मधोमध दांडा असलेलं मशीन कप्पे फाडतं. चेन लावा, खिसे रिकामे करा, थंड पाणी, सौम्य चक्र, डाउनसाठीचा साबण आणि दोनदा खळबळणं. ओलं जॅकेट उचलताना दोन्ही हातांवर झेला, नाहीतर भिजलेल्या भरणाच्या वजनाने आतल्या शिवणी उसवतात. मग ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून वाळवा. याला दोन-तीन तास लागतात. बोटांना गोळे लागत असतील तर ते वाळलेलं नाही. तसंच टांगलं तर कुजकट वास येतो.

वॉटरप्रूफ जॅकेट सौम्य, द्रव साबणात धुऊन कमी उष्णतेवर सुमारे २० मिनिटं ड्रायरमध्ये फिरवलं, तर जलरोधी थर बऱ्याचदा पुन्हा जागा होतो. नाही झाला तर त्यासाठीचा फवारा मिळतो. फॅब्रिक सॉफ्टनर यांतल्या कशालाच वापरू नका. मेरिनोला ड्रायर वर्ज्य. ती आटते, आणि पुन्हा मापाला येत नाही.

२०. लोकर अंगाला टोचते. शिवाय मला प्राण्यांपासून आलेलं काही वापरायचं नाही.

दोन वेगळे प्रश्न आहेत. टोचतात ते सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू. मेरिनोचे तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉनचे असतात, त्यामुळे लोकर टोचणाऱ्यांपैकी अनेकांना ती चालते. आधी एकच घेऊन पाहा.

प्राणिजन्य काहीच नको असेल, तर पॉलिस्टर थर्मल, फ्लीस, सिंथेटिक भरणाचं जॅकेट आणि चामडं नसलेले वॉटरप्रूफ बूट, एवढ्यावर उणे २० चा हिवाळाही निघतो. फक्त जॅकेट थोडं जड असेल आणि थर्मलचे दोन जोड जास्त लागतील.

२१. प्रयोगशाळेच्या दिवशी काय घालू?

एवढ्या एका ठिकाणी सूत बरोबर आहे. पॉलिस्टर आणि फ्लीस ज्वाळेजवळ वितळून त्वचेला चिकटतात. उघडी ज्योत किंवा ज्वालाग्राही द्रावणं असतील तर आत लोकरी थर्मल, वर सुती शर्ट, सुती पँट, बंद बूट. गळपट्टा आणि हूडच्या लोंबत्या दोऱ्या बाहेर ठेवा. प्रयोगशाळेची स्वतःची नियमावली असतेच. ती वेगळं सांगत असेल तर तीच पाळा.

२२. सायकलने कॉलेजला जायचं असेल तर?

चालण्यापेक्षा एक थर कमी, पण समोरून वारा अडवणारा. सायकल स्वतःच वारा तयार करते. भरणाचं जाड जॅकेट सॅकमध्ये, अंगावर पातळ फ्लीस आणि विंडचीटर. हेल्मेटखाली पातळ टोपी. जाड टोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही आणि त्याचा उपयोग राहत नाही. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून परावर्तक पट्टी असलेलं कापड घ्या. हे पायी चालणाऱ्यांनाही लागू.

२३. चष्म्यावर वाफ धरते, त्याला काही उपाय?

नाकावर गच्च बसणारी तार असलेला मास्क किंवा गळपट्टा नाकाखाली ठेवणं. इमारतीत शिरल्यावर चष्मा पुसू नका, दोन मिनिटं थांबा. काच तापली की वाफ आपोआप जाते. ओल्या काचेवर लोकरी हातमोज्याने पुसलं तर चरे पडतात.

२४. बॅटरीवर तापणारं जॅकेट किंवा मोजे घ्यावेत का? विमानात चालतात का?

बसथांब्यावर बराच वेळ थांबणाऱ्यांना मोजे उपयोगी आहेत. जॅकेट बहुतेकांना लागत नाही. लिथियम बॅटरी काढून हातातल्या सामानात ठेवावी लागते, खालच्या सामानात नाही. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे. बॅटरीवर फक्त व्होल्ट आणि अँपिअर-तास असतील तर गुणाकार करा: ७.४ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ३७ वॉट-तास. विमान कंपनीचे नियम तरी आधी पाहून घ्या.

२५. चांगले हातमोजे घालूनही बोटं पांढरी पडतात आणि बधीर होतात. आणखी जाड हातमोजे घेऊ का?

आधी धडाला ऊब द्या. छाती-पोट गारठलं की शरीर हाता-पायांकडचं रक्त कमी करतं, म्हणून एक जाड बनियान कधीकधी मोज्यांपेक्षा जास्त काम करतं. बाहीची कड मनगट आवळत नाही ना, हेही पाहा.

थोड्याशा गारठ्यातही बोटं आधी पांढरी, मग निळसर, आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर ते रेनॉड (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा विकार) असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. कपडे बदलून ते जात नाही.

त्वचा कडक, मेणासारखी पांढरट झाली आणि तिथे काही जाणवेनासं झालं, तर ती गोठते आहे. चोळू नका, बर्फ घासू नका, हीटरसमोर धरू नका. आत जाऊन ओले कपडे आणि अंगठ्या काढा. पुन्हा थंडीत जावं लागणार नसेल, तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवा. पाण्याची ऊब दुसऱ्या, न बधिरलेल्या हाताने किंवा थर्मामीटरने तपासा, कारण गोठलेल्या बोटाला भाजलेलंही कळत नाही. फोड आले किंवा अर्ध्या तासात संवेदना परतली नाही, तर थेट रुग्णालय गाठा.